शेजारची दीर्घिका आडवी किती सरकते? पाण्याच्या वाफेने दिलेले उत्तर

जून २०२५ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली होती. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांची टक्कर अटळ आहे, असे २०१२ पासून सांगितले जात होते. हेलसिंकी विद्यापीठातील टिल सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने गणित मांडले, तेव्हा पुढच्या १० अब्ज वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता साधारण निम्मीच निघाली. जी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे तिची चाल मोजतात तरी कशी, आणि आज निश्चित वाटलेली गोष्ट उद्या अनिश्चित कशी होते, असा प्रश्न ती बातमी वाचणाऱ्याला पडणे साहजिक आहे. या अनिश्चिततेची मुळे अनेक आहेत, पण त्यातले एक मोठे मूळ असे की दीर्घिका आपल्याकडे किती वेगाने येते हे सहज कळते, मात्र ती आडवी किती सरकते हे कळणे फार कठीण असते. आकाशगंगेभोवतीच्या उपदीर्घिका वगळल्या, तर या आडव्या मोजणीत पहिले खात्रीचे यश मिळाले ते देवयानीच्या शेजारी असलेल्या त्रिकोण दीर्घिकेत, म्हणजे एम ३३ मध्ये, आणि ते मिळवून दिले तारे जन्मणाऱ्या प्रदेशांतील पाण्याच्या वाफेने.

समोरचा वेग सोपा, आडवा वेग अवघड

एखादी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिच्याकडून येणाऱ्या लहरींची लांबी किंचित कमी होते, दूर जात असेल तर वाढते. हा डॉप्लर परिणाम. तो मोजायला वस्तू किती दूर आहे हे माहीत असावे लागत नाही आणि वर्षानुवर्षे थांबावेही लागत नाही. एका रात्रीच्या निरीक्षणातून वेग मिळतो. देवयानी आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येत आहे, हे याच पद्धतीने कळते.

आडव्या वेगासाठी मात्र वस्तू आकाशात खरोखर किती सरकली हे पाहावे लागते, आणि इथे अंतर आडवे येते. या मोजणीचे एकक विकला. एका अंशाचा ३,६०० वा भाग म्हणजे एक विकला. एम ३३ च्या अंतरावर असलेली वस्तू सेकंदाला शंभर किलोमीटर वेगाने आडवी धावत असली, तरी एका वर्षात ती विकलेच्या दशलक्षांश भागांपैकी जेमतेम पंचवीस भाग सरकते.

या मोजणीत माणूस किती फसू शकतो याचे उदाहरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडले. माउंट विल्सन वेधशाळेतील एड्रियन व्हान मानेन यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे तुलून पाहिली आणि एम १०१, एम ३३ अशा सर्पिल तेजोमेघांचे (दीर्घिकांना तेव्हा असेच म्हणत) फिरणे आपल्याला दिसते, असा दावा केला. त्यांचे आकडे वर्षाला विकलेच्या शेकडाव्या भागांत होते. एवढे फिरणे खरे असते, तर हे तेजोमेघ लाखो प्रकाशवर्षे दूर असणे अशक्य होते, कारण तसे असल्यास त्यांच्या कडा प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल एवढ्या अशक्य वेगाने धावायला हव्या होत्या. म्हणून सर्पिल तेजोमेघ आकाशगंगेच्या आतच आहेत असे मानणाऱ्या हार्लो शॅप्ली यांनी हा पुरावा उचलून धरला. पुढे एडविन हबल यांनी देवयानी आणि एम ३३ मधील सेफिड जातीचे रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता येते असे तारे, शोधून त्या स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले आणि व्हान मानेन यांची मोजमापे चुकीची ठरली. मोजमाप करणारा मनुष्य काळजीपूर्वक काम करणारा होता, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. त्याच्या साधनाला जे दिसणे शक्यच नव्हते, ते त्याला दिसले होते.

म्हणजे गरज होती ती अशा ठिपक्याची, जो अत्यंत लहान असेल, अत्यंत तेजस्वी असेल आणि ज्याची जागा रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याला दशलक्षांश विकलेच्या अचूकतेने ठरवता येईल. असा ठिपका निसर्गाने मेसरच्या रूपात तयार ठेवला होता.

मेसर म्हणजे काय?

रेणूला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. त्याच्या ऊर्जेच्या ठराविक पातळ्या असतात. वरच्या पातळीवरचा रेणू खाली येताना दोन पातळ्यांतील फरकाएवढ्या ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा किंवा रेडिओ लहरीचा कण, बाहेर टाकतो. शंभरेक वर्षांपूर्वी आइन्स्टाइन यांनी दाखवले की नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा एखादा फोटॉन वरच्या पातळीवरच्या रेणूजवळून गेला, तर तो रेणू लगेच खाली येतो आणि आलेल्या फोटॉनसारखाच, त्याच दिशेने जाणारा दुसरा फोटॉन देतो. एकाचे दोन होतात. एरवी या क्रियेचा काही उपयोग होत नाही, कारण कोणत्याही सामान्य वायूत खालच्या पातळीवर रेणू जास्त असतात आणि ते फोटॉन गिळून टाकतात. पण काही कारणाने वरच्या पातळीवर गर्दी झाली आणि खालची पातळी ओस पडली, तर गिळणारे कमी आणि देणारे जास्त अशी स्थिती होते, आणि लहर पुढे जाता जाता वाढत जाते. सूक्ष्मलहरींच्या बाबतीत हे घडते तेव्हा त्याला मेसर म्हणतात आणि दृश्य प्रकाशाच्या बाबतीत लेसर. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये अमोनिया वायू वापरून पहिला मेसर प्रयोगशाळेत चालवला. १९६४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना रशियाचे निकोलाय बासोव आणि अलेक्झांडर प्रोखोरोव यांच्यासमवेत मिळाले.

ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. समजा, वायूतला एक ठराविक टप्पा ओलांडला की लहर दुप्पट होते. दहा टप्प्यांनंतर ती १,०२४ पट होईल, वीस टप्प्यांनंतर दहा लाख पटींहून जास्त आणि तीस टप्प्यांनंतर शंभर कोटी पटींहून जास्त. म्हणजे एका दिशेला वायूची लांबी वीस टप्पे आणि दुसऱ्या दिशेला तीस टप्पे असेल, तर लांबी दीडपटच असूनही तेजात हजार पटींचा फरक पडतो. मेसरच्या जवळपास सगळ्या विचित्र गुणांचा उगम या गणितात आहे: त्याचे ठिपके चिमुकले का दिसतात, तो एका दिशेला प्रखर आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ अदृश्य का असतो, आणि वायूची मांडणी थोडी बदलली की तो काही महिन्यांत भडकतो किंवा विझतो का. अर्थात व्याजही अनंत काळ चढत नाही; वरच्या पातळीवर नवे रेणू ज्या गतीने पोहोचतात त्याहून जास्त फोटॉन मिळू शकत नाहीत, आणि ती मर्यादा आली की वाढ साध्या व्याजाच्या चालीने होऊ लागते.

प्रयोगशाळेतल्या लेसरला दोन टोकांना आरसे लागतात, मग आकाशात आरसे कुठून आले, अशी शंका इथे रास्त आहे. आरशांचे काम प्रकाशाला पुन्हा पुन्हा त्याच माध्यमातून फिरवून वाट लांब करण्याचे असते. अवकाशात सलग कोट्यवधी किलोमीटरची वाट मिळत असल्यामुळे एकदाच पार जाणे पुरते.

पाणीच का, आणि ते तिथे आले कुठून?

अवकाशातला पहिला मेसर पाण्याचा नव्हता. १९६५ मध्ये हायड्रॉक्सिल रेणूच्या (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा एकेक अणू) रेडिओ रेषा इतक्या विचित्र प्रखर दिसल्या की त्यांच्या उगमाला काही काळ थट्टेने ‘मिस्टेरियम’ म्हटले जाई. पाण्याची पाळी १९६८ च्या अखेरीस आली. कॅलिफोर्नियातील हॅट क्रीक येथील दुर्बिणीने मृग नक्षत्रातील तेजोमेघ, डब्ल्यू ४९ हा तारकानिर्मितीचा प्रदेश आणि आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एक मेघ यांच्यात २२,२३५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १.३५ सेंटीमीटर तरंगलांबीवर, पाण्याची रेषा टिपली. शोध घेणाऱ्यांत टाउन्स स्वतः होते. ज्याने यंत्र घडवले त्यालाच ते निसर्गात तयार सापडावे, असा योग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच येतो.

नव्याने जन्मणारा जड तारा आजूबाजूचा वायू ओढून घेत असतानाच काही वायू दोन्ही बाजूंना वेगाने फेकत असतो. हा झोत भोवतालच्या दाट मेघावर आदळला की आघात तरंग उठतो आणि वायू काहीशे अंशांपर्यंत तापतो. धूलिकणांवर गोठलेला बर्फ उडून जातो. शिवाय या तापमानाला मोकळा ऑक्सिजन हायड्रोजनच्या रेणूंशी दोन पायऱ्यांत संयोग पावून पाणी तयार करतो. त्यानंतर हायड्रोजनचे रेणू पाण्याच्या रेणूंवर आदळून त्यांना वरच्या पातळ्यांवर चढवत राहतात. मेसरच्या जोडीतली वरची पातळी अशा साखळीत बसते की तिच्यावर आलेले रेणू सहज खाली उतरत नाहीत. जोडीतली खालची पातळी त्या साखळीबाहेर आहे आणि तिला रिकामे होण्याचे मार्ग जास्त आहेत. म्हणून वर गर्दी, खाली ओस. हे जमण्यासाठी एका घन सेंटीमीटरमध्ये हायड्रोजनचे साधारण दहा कोटी ते एक हजार कोटी रेणू लागतात. त्याहून विरळ वायूत टकरा पुरत नाहीत आणि फार दाट वायूत टकरा इतक्या होतात की सगळ्या पातळ्या पुन्हा सामान्य वाटणीवर येतात.

म्हणजे तिथे समुद्र आहेत का?

नाहीत. ‘दूरच्या दीर्घिकेत पाणी सापडले’ अशा मथळ्यांनी हा गैरसमज हटकून होतो. आपल्या श्वासातल्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये रेणूंची संख्या मेसरच्या वायूतल्या संख्येच्या काहीशे कोटी पट ते काहीशे अब्ज पट असते. तो ‘दाट’ मेघ आपल्या प्रयोगशाळेत चांगले निर्वात म्हणून खपून जाईल, आणि त्यातही पाण्याचा वाटा हायड्रोजनच्या दहा हजारात एकाच्या आसपास. या वाफेचा जीवसृष्टीशी संबंध लावण्याचे कारण नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही विश्वातली सर्वसामान्य मूलद्रव्ये आहेत, त्यामुळे पाणी असणे आश्चर्याचे नाही. त्याचे मेसर होणे विशेष आहे.

सूर्याएवढे तेज एका रेषेत?

आकाशगंगेतील सर्वात प्रखर पाणी-मेसर डब्ल्यू ४९ मध्ये आहे आणि त्याचे तेज सूर्याच्या एकूण तेजाएवढे असल्याचे सांगतात, तेही एकाच अरुंद रेडिओ रेषेत. हा आकडा जपून घ्यावा. तो काढताना मेसर सर्व दिशांना सारखाच चमकतो असे गृहीत धरलेले असते, आणि वर पाहिले त्याप्रमाणे मेसर नेमके तेच करत नाही. मेसरकडे आपल्याला बाजूने पाहता येत नसल्यामुळे खरी ऊर्जा किती हे कळत नाही, म्हणून हा आकडा केवळ तुलनेच्या सोयीचा आहे. त्याचप्रमाणे मेसरचे ‘तेजतापमान’ लाख कोटी अंशांहूनही जास्त भरते, पण वायू तेवढा तापलेला नसतो. एखाद्या साध्या तप्त वस्तूला तेवढे तेज द्यायचे असेल तर ती किती तापवावी लागेल, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आडव्या मोजणीसाठी एकूण तेजापेक्षा त्या ठिपक्याचा लहानपणा महत्त्वाचा. एकेक ठिपका साधारण पृथ्वी-सूर्य अंतराएवढा असतो आणि त्याची रेषा सेकंदाला एखादा किलोमीटर एवढ्याच वेगफरकात मावते. त्यामुळे त्याची जागा आणि समोरचा वेग दोन्ही एकदम मिळतात.

एम ३३: दोन टोकांवरचे दोन ठिपके

आकाशगंगेच्या बाहेरचा पहिला पाणी-मेसर १९७७ मध्ये सापडला, जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने, एम ३३ मधील आयसी १३३ या तारकानिर्मितीच्या प्रदेशात. पुढे त्याच दीर्घिकेच्या जवळपास विरुद्ध बाजूला एम ३३/१९ हा दुसरा मेसर हाती लागला. आंद्रेआस ब्रुन्थालर आणि सहकाऱ्यांनी या दोघांचा पाठपुरावा २००१ पासून सुमारे तीन वर्षे केला. त्यांनी वापरलेले व्हीएलबीए हे जाळे हवाईपासून कॅरिबियनमधील सेंट क्रॉइ बेटापर्यंत पसरलेल्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या दहा दुर्बिणींचे आहे. सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की आठ हजार किलोमीटरहून मोठ्या दुर्बिणीची धार मिळते. संदर्भबिंदू म्हणून आकाशात जवळच दिसणारा, पण प्रत्यक्षात अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेला क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे तेजस्वी केंद्र, घेतला होता; एवढ्या अंतरामुळे तो जागेवर स्थिर मानता येतो.

निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मेसर एकमेकांच्या तुलनेत वर्षाला सुमारे ३० दशलक्षांश विकला सरकत होते. चंद्रावरच्या वस्तूने एका वर्षात पाच-सहा सेंटीमीटर सरकावे आणि ते पृथ्वीवरून मोजले जावे, एवढी ही हालचाल बारीक आहे. व्हान मानेन यांनी सांगितलेल्या आकड्याच्या ती शेकडो पटींनी कमी निघाली. त्यांनी १९२३ मध्ये जिचे फिरणे दिसल्याचे लिहिले होते तीच ही दीर्घिका, आणि ती खरोखर फिरताना दिसायला आठ दशके जावी लागली.

या एका मोजणीतून दोन गोष्टी निघाल्या. दीर्घिका सेकंदाला किती किलोमीटर वेगाने फिरते हे हायड्रोजनच्या रेडिओ रेषेवरून आधीच माहीत होते. तेच फिरणे आता कोनात कळले, आणि दोन्हींची सांगड घालून अंतर मिळाले सुमारे २४ लाख प्रकाशवर्षे. चुकीची मर्यादा जवळपास चौथा हिस्सा होती, म्हणजे सेफिड ताऱ्यांवरून मिळणाऱ्या अंतरापेक्षा हे मोजमाप ढोबळच. पण त्यासाठी इतर कोणत्याही अंतरमापनाचा आधार घ्यावा लागला नव्हता, शुद्ध भूमिती पुरली होती. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. फिरणे आणि सूर्याची स्वतःची गती वजा केल्यावर उरलेली संपूर्ण दीर्घिकेची गती आकाशगंगेच्या तुलनेत सेकंदाला सुमारे १९० किलोमीटर भरली. २००७ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात दिसणाऱ्या आयसी १० या छोट्या दीर्घिकेचीही गती त्याच गटाने मेसरवरूनच मोजली.

देवयानीत मात्र मेसर बराच काळ सापडत नव्हते. तिच्यातली तारकानिर्मिती मंद आहे आणि आकाशातला तिचा विस्तार मोठा, त्यामुळे शोधायचे कुठे हाच प्रश्न होता. २०११ मध्ये जेरेमी डार्लिंग यांनी अवरक्त प्रकाशात चमकणारे दोनशेहून अधिक प्रदेश निवडून त्यांच्याकडे अमेरिकेतील ग्रीन बँक दुर्बीण रोखली, तेव्हा पाच मेसर मिळाले, तेही अत्यंत मंद.

ठिपके स्वतःच पळत असतील तर?

मेसरचा वायू ताऱ्याच्या झोतात सापडलेला असतो, त्यामुळे ठिपक्यांना स्वतःची गती असतेच. मग मोजली ती दीर्घिकेची गती कशावरून? एम ३३ च्या अंतरावर सेकंदाला १० किलोमीटर म्हणजे वर्षाला फक्त अडीच दशलक्षांश विकला. ठिपक्यांच्या स्वतःच्या गती सहसा काही दहा किलोमीटरच्या घरात असतात आणि झोत वेगवेगळ्या दिशांना जात असल्यामुळे अनेक ठिपक्यांच्या सरासरीत त्यांचा मोठा भाग एकमेकांना खोडून काढतो. उरतो तो भाग चुकीच्या मर्यादेत धरलेला असतो. याहून त्रासदायक अडचण ठिपक्यांच्या आयुष्याची आहे. एखादा ठिपका काही महिन्यांत विझतो आणि त्याच्या शेजारी दुसरा पेटतो. तेव्हा एक ठिपका सरकला की दुसरा उगवला, हे वेगाच्या खुणेवरून पारखून घ्यावे लागते, आणि निरीक्षणांत फार मोठे खंड पडू देऊन चालत नाही.

आपल्या हवेतल्या वाफेचे काय?

पृथ्वीच्या वातावरणातली वाफही याच २२,२३५ मेगाहर्ट्झवर लहरी शोषते आणि सोडते. हवेत वाफ किती आहे हे मोजणारी हवामानशास्त्राची उपकरणे त्याच रेषेवर चालतात. गल्लत होत नाही, कारण दाट हवेत रेणू सतत आपटत असल्यामुळे वातावरणाची रेषा हजारो मेगाहर्ट्झ रुंद पसरते, तर अवकाशातल्या मेसरची रेषा मेगाहर्ट्झच्या दहाव्या भागातही मावते. एवढी अरुंद रेषा हवेत तयारच होऊ शकत नाही. वाफेमुळे लहरी किंचित उशिरा पोहोचतात आणि ठिपक्याची जागा हलल्यासारखी भासते, हा उपद्रव मात्र खरा आहे. संदर्भाचा क्वेसार आकाशात मेसरच्या अगदी जवळ घेण्यामागचे कारण तेच.

नारायणगावजवळच्या खोडद येथील आपली जीएमआरटी दुर्बीण हे काम का करत नाही, असेही कोणी विचारील. ती १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींसाठी बांधलेली आहे आणि तिच्या तबकड्यांना पत्र्याऐवजी तारेची जाळी आहे, जिची भोके एक ते दोन सेंटीमीटरची आहेत. १.३५ सेंटीमीटरची लहर तिच्यातून परावर्तित होण्याऐवजी बरीचशी आरपार निघून जाईल.

उपग्रह आल्यावर मेसरची गरज उरते का?

२०१२ मध्ये हबल दुर्बिणीने आणि २०१९ मध्ये ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या नोंदींनी देवयानीची आडवी गती थेट ताऱ्यांवरून मोजली, त्यामुळे मेसर हा आता एकमेव मार्ग राहिलेला नाही. गायाने एम ३३ ची मोजलेली गती मेसरच्या निकालाशी जुळली, हे दोन्ही पद्धतींच्या विश्वासार्हतेसाठी चांगलेच झाले. पण २०२५ मध्ये काम थांबलेल्या गायाला दृश्य प्रकाशातले तारे लागत आणि धुळीत गुरफटलेले तारकानिर्मितीचे प्रदेश त्याला दिसत नसत. रेडिओ लहरी त्या धुळीतून विनासायास बाहेर येतात. माझ्या मते तुलना करायचीच तर ‘कोणते साधन चांगले’ अशी करण्यापेक्षा दोन स्वतंत्र साधनांचे उत्तर एक येते का, अशी करावी. व्हान मानेन यांच्या काळी नेमकी हीच सोय नव्हती.

तारे की कृष्णविवर?

आतापर्यंत सांगितलेले मेसर तुलनेने दुबळे आहेत. सूर्याच्या तेजाच्या दहापटीच्या आत असलेल्या प्रबळ मेसरांना किलोमेसर म्हणतात आणि त्याहून तेजस्वी असतील त्यांना मेगामेसर. मेगामेसर बहुतेक वेळा दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराभोवती आढळतात. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेतील अशा मेसरांच्या फिरण्यावरून १९९५ मध्ये तेथील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या काही कोटी पट ठरले, आणि प्रसिद्धी बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते. किलोमेसर कशाने पेटतात हे मात्र दर वेळी तपासावे लागते. एम ८२ आणि एनजीसी २५३ यांच्यासारख्या, तारे धडाक्याने जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांत केंद्राजवळ मेसर दिसला, तर त्याच्यामागे तारे आहेत की दुबळे कृष्णविवर, हे एकट्या दुर्बिणीला सांगता येत नाही, कारण तिच्या नजरेत तो सगळा भाग एकत्र येतो. अनेक दुर्बिणी जोडून जागा नेमकी ठरवल्यावरच उलगडा होतो. एकमेकींवर आदळत असलेल्या अँटेना दीर्घिकांत २०१० मध्ये असे जागानिश्चितीचे काम झाले, तेव्हा मेसर तिथल्या विशाल, कोवळ्या तारकागुच्छांच्या ठिकाणी निघाले. तिथे आडवी गती मोजणे सध्या शक्य नाही, कारण त्या दीर्घिका एम ३३ च्या सुमारे पंचवीस पट दूर आहेत. पण धुळीआड तारे नेमके कुठे जन्मत आहेत, ही खूण मेसर तेवढ्या अंतरावरूनही दाखवतो.